मिरगातलं प्रात्यक्षिक

बेडूक आणि सापांचा अभ्यास म्हटलं की लोकांना आंबोली आठवते. आमच्या धाड गावाच्या आसपास मात्र कपाशी, सोयाबीन, मका. तरी माझी सगळी नोकरी याच प्राण्यांवर गेली, कारण ते आमच्या वावरात होते.

सुरुवातीला कॉलेजातला बेडूक म्हणजे मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी उताणा डांबलेला. हृदयाचे कप्पे तीन, आकृती काढा, नावं द्या. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदन बंद केलं, तेव्हा काही सहकारी हळहळले. मला बरं वाटलं. ट्रेमधला बेडूक कधी ओरडला नव्हता.

मग प्रात्यक्षिकासाठी मी मिरगाच्या पावसाचा मुहूर्त धरला. तेव्हा प्रवेशही पुरे झालेले नसतात, पाऊस येतो रात्री. वेळापत्रकात हे कुठे बसवणार? जी पोरं येतील त्यांना टॉर्च घेऊन डबक्यावर न्यायचं. मोठ्या बेडकांचे नर लिंबासारखे पिवळेधमक होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. दरवर्षी कुणीतरी 'विषारी जात आली' म्हणून घाबरतं. तो विणीचा रंग. मादी मिळवायची घाई संपली की उतरतो.

एकदा मी बिळकरी बेडकाच्या मागच्या पायावरची फावड्यासारखी कडा दाखवत होतो. एक पोरगी म्हणाली, "सर, हा तर नांगरताना ढेकळातून निघतो. मागं मागं सरकत मातीत घुसतो." पुस्तकातला परिच्छेद तिने दोन वाक्यांत संपवला. कोरडे महिने तो जमिनीत काढतो, आणि डबकं आटायच्या आत त्याच्या पिल्लांना पाय फुटावे लागतात.

बेडकांमागे साप येतात. दिवड, धामण उगाच मारले जातात. खरी भीती मण्यारची. ती रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावल्याजागी दुखत फारसं नाही, म्हणून नंतरच्या पोटदुखीला अपचन समजतात. तोवर श्वासाचे स्नायू लुळे पडू लागतात. हा धडा अभ्यासक्रमात नव्हता, पण मी तो दरवर्षी घेतला: खाट, मच्छरदाणी, आणि संशय आला तरी थेट दवाखाना. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालते. मांत्रिकाकडे ती नसते.

आता निवृत्तीनंतर जुने विद्यार्थी फोटो पाठवतात. बहुतेक वेळा कवड्या असतो, बिनविषारी, पण पट्ट्यांमुळे मण्यार समजून मरणारा. त्याचे पट्टे मानेकडे ठळक, शेपटीकडे पुसट; मण्यारचं उलटं. अर्धा साप दिसणारा फोटो आला की मी लिहितो: जवळ जाऊ नकोस, लांबूनच झूम कर, शेपटी दाखव.