शालीनंतरचा बटवा

एखादें अवघड काम सिद्धीस गेलें कीं करणाऱ्यानें त्याहून अवघड काम हातीं घ्यावें, अशी लोकांची अपेक्षा असते. आमच्या सौभाग्यवतीनें गेल्या तीन वर्षांत दोन जाळीदार लोकरी शाली विणल्या आणि दोन्ही लेकींना दिल्या. तिसरी सूनबाईंसाठीं होणार, हें आप्तेष्टांनीं परस्पर ठरवूनहि टाकलें. परंतु तिनें हातीं घेतला तो मणी घालून विणावयाचा एक साधा बटवा! "आतां डोळे दमले असतील," असें कोणी म्हणालें. "लेकींना शाल आणि सुनेला बटवा," असेंहि कोणी हळूच म्हणालें. हे दोन्ही निवाडे मला उतावळे वाटतात.

जाळीच्या शालीचें सौंदर्य हें मुख्यतः छिद्रांचें सौंदर्य होय. सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन छिद्र पाडावयाचें, आणि त्यानें वाढलेला टाका अन्यत्र दोन टाके एकत्र विणून वजा करावयाचा, असा हा जमाखर्च आहे. एक वेढा विसरला कीं पुढची सारी वेल वांकडी होते. एक टाका सुटला तर तो खालीं खालीं उसवत जातो. शेटलंड बेटांतल्या स्त्रिया अशा शाली इतक्या तलम विणीत कीं, त्या लग्नाच्या अंगठींतून आरपार ओढून काढतां येत. एवढी एकाग्रता साधावयाची तर विणणारीला घरांत असूनहि घराबाहेर बसावें लागतें. ओळ अर्धी असतांना तिच्याशीं बोलण्याची माझी छाती नव्हती. नऊ वर्षांची नात तर दारांतूनच परत फिरे.

मणिकामाची रीत निराळी. मणी आधींच लोकरींत ओवून ठेवावयाचे. मग सारे टाके सुलट; नेमल्या जागीं दोन टाक्यांमध्यें एकेक मणी सरकवावयाचा, एवढाच खटाटोप. मात्र रंगीत नक्षी असेल तर जो मणी शेवटीं विणला जाणार तो सर्वांत आधीं ओवावा लागतो. म्हणजे नक्षी शेवटाकडून आरंभाकडे वाचावी लागते. ही उलटी मोजणी आमच्या नातीनें आपल्याकडे घेतली आहे. ती मोजून ओवते, आजी विणते, आणि दोघींच्या गप्पांत खंड पडत नाहीं. जें काम एकटीचें होतें तें दोघींचें झालें. साध्या कामाची हीच थोरवी, कीं त्यांत दुसऱ्याला बसावयास जागा असते.

आमच्या छत्रपती संभाजीनगरहून पैठण कांहीं फार दूर नाहीं. तेथील पैठणीचा पदर विणतांना प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या कांडीवर घेऊन हातानें गुंफतात; अंग मात्र साधें, फार तर बुट्ट्यांचें असतें. म्हणून पदर सोडून अंग विणणाऱ्या विणकराची कला ओसरली, असें कोणी म्हणत नाहीं. भरजरी पदराला साधें अंगच शोभा देतें.

रघुवंशाच्या आरंभीं कालिदासानें स्वतःविषयीं नम्रतेनें बोलतांना, वज्रानें आधींच वेध पाडलेल्या मण्यांत सूत्राचा प्रवेश व्हावा तसा आपला प्रवेश आहे, असा दृष्टान्त दिला आहे. शाळेंत तो शिकवितांना मी कवीच्या विनयाकडे बोट दाखवीत असें. आतां त्यांतला दुसरा अर्थ मनांत येतो. सूत्र सहज जातें, कारण कोणीतरी आधीं कष्टानें वेध पाडलेला असतो. दोन शालींनीं तो वेध पाडला म्हणून आज हात बोलतां बोलतां चालतात.

राहतां राहिल्या सूनबाई. मराठवाड्याच्या हवेंत शाल वर्षांतले दहा महिने कपाटांतच राहावयाची. बटवा मात्र रोज हातांत राहील. "आई, ह्याला तुमचा आणि पोरीचा, दोघींचा हात लागला आहे," असें त्या म्हणाल्या, तेव्हां लेकींहून आपल्याला उणें मिळालें असें त्यांच्या बोलण्यांत कोठेंच नव्हतें.

त्या बटव्याच्या पांढऱ्या ओळींत एक निळा मणी चुकून आला आहे. मोजणारणीला तो ठाऊक नाहीं, विणणारणीला ठाऊक आहे. शालींत एवढी चूक दिसती तर तिनें दहा ओळी उसवल्या असत्या. येथें ती निळ्या मण्यावरून बोट फिरवून पुढें विणीत गेली.