फक्त डबा आत जाईल

कोविड वॉर्डात नातेवाइकांना बंदी का होती, हे कळतं हो. २०२० च्या सुरुवातीला पीपीई किट डॉक्टरांनाच पुरत नव्हते, भेटायला येणाऱ्यांना कुठून देणार? पण आमच्या धंद्यात सर्व्हरचा ॲक्सेस बंद म्हणजे सगळ्यांनाच बंद, असं नसतं. कोणाला, कशासाठी, किती वेळ, ते लिहून ठेवतात. इंग्लंडमध्ये मार्च २०२० मध्ये १३ वर्षांचा एक मुलगा हॉस्पिटलात एकटाच गेला. एप्रिलमध्ये आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी जाहीर केलं, शक्य असेल तिथे जवळच्यांना शेवटची भेट घेऊ द्या. म्हणजे अपवाद लिहिता येत होता!

आमची मागणी तर फारच किरकोळ होती. एप्रिल २०२१ मध्ये आजोबा पुण्यातल्या एका हॉस्पिटलात होते. त्यांना मशीनशिवाय ऐकू येत नाही. एरवी ओठांकडे बघून भागवतात, पण तिथे सगळे मास्कमध्ये. त्यात तिसऱ्या दिवशी मशीनचा सेल संपला. एवढासा सेल, शर्टाच्या बटणापेक्षा लहान. डब्याच्या पिशवीत चिठ्ठी लावून पाठवला, तर परत!

"फक्त डबा आत जाईल दादा. नियम आहे."

वॉचमनला काय बोलणार... १२-१२ तास गेटवर तोच उभा.

दोन दिवसांनी एका नर्सताईंनी ड्यूटीवर जाताना सेल खिशातून नेला. रात्री व्हिडिओ कॉल आला. आजोबा नेहमीसारखे ओरडूनच बोलले, "अरे, शेजारचा सांगलीचा आहे! पाच दिवस नुसता मान हलवत होतो!"