तीन पिढ्यांपलीकडचीं माणसें

गेल्या पितृपक्षांत श्राद्धाला बसलों असतां गुरुजींनीं प्रपितामहीचें नांव विचारलें, आणि मी गोंधळून गेलों. आईचें व आजीचें नांव मीं सहज सांगितलें. पणजीचें मात्र कांहीं केल्या आठवेना. स्वयंपाकघराकडे पाहिलें, तों तेथेंहि सर्वजणी एकमेकींच्या तोंडाकडे पाहूं लागल्या. गुरुजी अनुभवी, क्षणभर थांबून त्यांनीं विधि पुढें चालविला. परंतु जिनें आमच्या आजोबांना वाढविलें, तिचें नांव भरल्या घरांत एकालाहि ठाऊक नसावें, ही गोष्ट मनाला डांचत राहिली.

दुपारीं पुतण्या पुस्तक घेऊन आला. “काका, पेरू देशांतले हे डोंगरांतले रस्ते इंका लोकांनींच बांधले ना?” एरवीं मीं ‘हो’ म्हणून त्याची बोळवण केली असती. त्या दिवशीं तसें म्हणवेना.

इंकांच्या साम्राज्याचा मोठा विस्तार झाला पंधराव्या शतकांत, आणि १५३२ सालीं स्पॅनिश लोक येऊन थडकले. म्हणजे वैभवाचा काळ जेमतेम शंभर वर्षांचा! एवढ्यांत सारें शून्यांतून कसें उभें राहील? त्यांच्यापूर्वीं, सुमारें ६०० ते १००० या काळांत, आजच्या आयाकुचो शहराजवळ राजधानी असलेलें वारी नांवाचें राज्य अँडीज पर्वतांत नांदत होतें. पुढें इंकांची राजधानी झालेल्या कुस्कोजवळहि त्यांनीं पिकिल्याक्ता हें रेखीव, भिंतींनीं वेढलेलें नगर वसविलें होतें. उतारावर पायऱ्यापायऱ्यांचीं शेतें करून ते मका पिकवीत. इंकांचे कांहीं रस्ते वारींच्या जुन्या वाटांवरूनच गेले असावेत, असें संशोधक मानतात. दोऱ्यांत हिशेब ठेवण्याच्या ज्या ‘किपू’चें जगाला नवल वाटतें, तोहि वारींच्या काळीं होता, इंका दोऱ्यांना गांठी मारीत, वारी त्यांभोवतीं रंगीत सूत गुंडाळीत.

१५५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या वृत्तांतांत सिएझा दे लेओन या स्पॅनिश प्रवाशानें आयाकुचोकडील जुन्या पडक्या इमारती इंकांच्या पूर्वींच्या असल्याचें नमूद केलें होतें. तरीहि कीर्ति इंकांचीच राहिली. १९३१ सालीं पेरूचे पुरातत्त्वज्ञ हुलिओ तेल्यो त्या अवशेषांपाशीं गेले, आणि मग कोठें विद्वानांचें लक्ष तिकडे वळूं लागलें. ते लोक स्वतःला काय म्हणवीत, हें आज कोणालाच ठाऊक नाहीं. ‘वारी’ हें नांव त्या अवशेषांच्या जागेवरून आपणच दिलेलें.

२०१२ सालीं समुद्रकांठच्या वार्मे येथें चोरांच्या हातून वांचलेली एक वारी समाधि सांपडली. आंत साठांहून अधिक देह होते, आणि त्यांत बहुतेक स्त्रिया! थोर घराण्यांतल्या त्या स्त्रियांपाशीं दागिन्यांबरोबर विणकामाचीं साधनें ठेविलेलीं होतीं. त्यांतलीं कांहीं सोन्याचीं होतीं. नांव एकीचेंहि उरलें नाहीं. परंतु विणकाम हें त्यांचें भूषण होतें, एवढें हजारांहून अधिक वर्षांनींहि कळतें.

हें सांगत असतां कोपऱ्यांत माळ ओढीत बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या, “अरे, तुझ्या पणजीला मीं पाहिलें नाहीं, नांवहि मला ठाऊक नाहीं. पण आपल्या घरीं लोणच्याला मोहरी फेसून घालतात ना, ती रीत तिची, असें आई सांगे.”

मी गप्प झालों. दरवर्षीं तें लोणचें मी चवीनें खातों, आणि पाहुण्यांपुढें ‘आमच्या आईच्या हातचें’ म्हणून मिरवितों. इंकांच्या रस्त्यांविषयीं आजवर जग बोलत आलें, त्याहून हें काय वेगळें?

पुतण्यानें वहींत इंकांच्या वर ‘वारी’ असें लिहून घेतलें. मीं त्याच वहींतलें एक पान मागून घेतलें, आणि आत्याबाईंना म्हटलें, “आतां तुम्हांला आठवतात तेवढीं घरांतल्या बायकांचीं नांवें सांगा.”