वैशाख वद्य पंचमी

इतिहासाच्या पुस्तकांत आमच्या, विदर्भातल्या देवळीच्या नावानं एक ताम्रपट ओळखला जातो. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा, शके ८६२ चा, म्हणजे इ. स. ९४० चा. मुक्काम राजधानी मान्यखेट, तिथी वैशाख वद्य पंचमी. नागपूर-नंदिवर्धन भागातलं एक गाव राजानं दान दिलं, ते धाकटा भाऊ जगत्तुंग याच्या पुण्यासाठी. हा भाऊ आपल्याला प्राणाहून प्रिय आहे, असंही राजानं त्यात कोरवून घेतलं. रा. गो. भांडारकरांनी हा लेख संपादून छापला. माझी सध्याची कादंबरी त्यातूनच निघाली आहे. जमिनीच्या कागदात जो माणूस भावावरची माया लिहून ठेवतो, त्याच्या मनात बायकोसाठी काय असेल?

कृष्णाची आई त्रिपुरीच्या, म्हणजे आजच्या जबलपूरजवळच्या तेवरच्या, कलचुरी घराण्यातली, युवराजदेवाची मुलगी. कृष्णाच्या प्रशस्तीत एका लढाईचा उल्लेख आहे. आईचा आणि बायकोचा वडीलधारा असलेल्या सहस्रार्जुनालाही त्यानं जिंकलं, अशी ती बढाई. अभ्यासक या सहस्रार्जुनाला कलचुरी राजा मानतात. म्हणजे सासरमाहेरचं युद्ध. त्या ओळीत बायको आहे, पण तिचं नाव नाही.

मीही तिला नाव दिलं नाही. आमच्याकडे सून अजून माहेरच्या गावानं ओळखली जाते. आर्वीवाली, पुलगाववाली. माझ्या कादंबरीत मान्यखेटच्या दासी आपसात तिला त्रिपुरीवाली म्हणतात. युद्धाची वार्ता येते त्या दिवसापासून ते नाव उच्चारताना त्यांचा आवाज बदलतो. एवढ्यावर माझं एक अख्खं प्रकरण उभं राहिलं.

रोजचं काम मात्र याहून पुष्कळ बारीक असतं. वद्य पंचमी म्हटली की रात्रीचा दुसरा प्रहर चढल्याशिवाय चंद्र उगवत नाही. संध्याकाळच्या भेटीत चांदणं घालता येत नाही. दोघांनी अंधारातच बोलायचं. वैशाख आहे, तेव्हा पळस फुलून गेलेला, बहावा पिवळा झालेला. अंबाड्यात झेंडू नको, तो अमेरिकेतून आला. स्वयंपाकघरात मिरची नाही, बटाटा नाही, भुईमूगही नाही. तिखटाला मिरे, पिंपळी, आलं. संवादांतून हुकूम, फौज, खुशी हे फारसी-अरबी वळणाचे शब्द काढते. ‘नजर’ काढायला सगळ्यांत जड जातं. सकाळचे दोन-तीन तास लिहिणं, आणि ऊन चढलं की वाचन. वा. वि. मिराशींचं ‘कलचुरि नृपति आणि त्यांचा काल’ हाताशी असतंच. देवळीच्या वैशाखात दुपारी दार लावून बसावं लागतं. मान्यखेटच्या वाड्यातली दुपार लिहायला ती झळ फार उपयोगी पडते.

प्रेमकथा म्हणजे इतिहासाशी खेळ, असं मानणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. राष्ट्रकूट राजा इंद्र तिसरा याच्या इ. स. ९१५ च्या ताम्रपटांचा मजकूर रचणारा त्रिविक्रमभट्ट आणि ‘नलचम्पू’त विदर्भाच्या दमयंतीची प्रीती गाणारा त्रिविक्रमभट्ट एकच. दानपत्र आणि प्रेमकथा एकाच लेखणीतून उतरली. त्याच सुमाराचा राजशेखर ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचं लग्न लावतो ते विदर्भातल्या वत्सगुल्मात, म्हणजे आपल्या वाशीमला, आणि त्या नगराला मदनाचं क्रीडास्थान म्हणतो. दरबारी प्रशस्तीचा नियम मात्र वेगळा. राष्ट्रकूटांच्याच चौथ्या गोविंदाचं वर्णन करताना ती सांगते की स्त्रियांच्या डोळ्यांच्या पाशात अडकून तो नासला. भावावरचं प्रेम पुण्य, बाईवरचं प्रेम नाशाचं कारण! बाजीराव-मस्तानीच्या बाबतीतही आठशे वर्षांनी हाच न्याय लावला गेला, आणि ना. सं. इनामदारांना ‘राऊ’ लिहावी लागली. आमची कादंबरी या न्यायाविरुद्धचं अपील आहे असं मी मानते. म्हणूनच तिथी, फूल, मिरी यांत सूट घेऊ नये. बारीक गोष्टी खऱ्या निघाल्या तरच वाचणारा आपल्या कल्पनेवर विश्वास टाकतो.

सध्या अडलं आहे ते कृष्ण युद्धावरून परततो त्या रात्रीपाशी. एका खर्ड्यात ती गप्प राहते, दुसऱ्यात बोलते. गप्प राहणं लिहायला सोपं, आणि दिसायला भारदस्त. शेजारच्या मावशींना दोन्ही वाचून दाखवले. त्या लगेच म्हणाल्या, ‘‘बोलन नाही त काय करन वो बाई? तिच्या माहेरचा मानूस होय ना थो!’’ दुसरा खर्डा ठेवला. त्यात ती पाणी पुढे करत नाही, आरती घेऊन उभी राहत नाही. तो उंबरा ओलांडायच्या आत विचारते, ‘‘त्यांना जिवंत सोडलं का?’’ उत्तर त्याला द्यावंच लागेल, आणि ते उद्या लिहायचं आहे.