क्रॅपी कधी आणि कुठे मिळतो
क्रॅपी हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. काळा आणि पांढरा अशा त्याच्या दोन जाती आहेत. तो कुठे सापडेल हे मुख्यतः पाण्याच्या तापमानावर ठरते. वसंतात पाणी साधारण 16 ते 20 अंश सेल्सिअसपर्यंत तापले की तो विणीसाठी काठालगतच्या उथळ पाण्यात येतो. नर तळाशी घरटे करून अंडी राखतो, म्हणून हाच गळ टाकण्याचा ऐन हंगाम. भर उन्हाळ्यात आणि कडाक्याच्या थंडीत थवे खोल पाण्यात उतरतात. शरदात लहान माशांमागे पुन्हा वर सरकतात.

दिवसातली उत्तम वेळ पहाटेची आणि तिन्हीसांजेची. उन्हाळ्यात रात्री दिव्याच्या उजेडाभोवती बारीक मासे जमतात, त्यांच्यामागे क्रॅपीही येतो.

त्याला आडोसा लागतो: बुडालेली झाडे, फांद्यांचे ढीग, धक्क्याचे खांब. टेनेसीतला रीलफूट तलाव 1811-12च्या भूकंपांत तयार झाला. त्याच्या उथळ पाण्यातले सायप्रसचे बुंधे क्रॅपीसाठी नावाजलेले आहेत.

क्रॅपी वर पाहून भक्ष्य टिपतो, म्हणून आमिष त्याच्या किंचित वर ठेवतात. तोंडाची त्वचा कागदासारखी पातळ असते. हिसडा दिला की ती फाटते आणि मासा निसटतो.