काळवंडलेला पाहुणा

१६६८ साली इजिप्तमधून एक जिवंत शॅमेलिऑन पॅरिसला पोचला. त्याचा मुक्काम पडला फ्रान्सच्या विज्ञान अकादमीकडे, आणि त्याचं निरीक्षण करायचं काम आलं क्लोद पेरो यांच्याकडे. पेरो पेशाने वैद्य. लूव्रच्या स्तंभावलीशी त्यांचं नाव जोडलेलं आहे, आणि सिंड्रेलाची गोष्ट लिहिणारा शार्ल पेरो हा त्यांचा धाकटा भाऊ. हा प्राणी नुसत्या हवेवर जगतो, हे प्राचीन रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलेलं आणि शतकानुशतकं लोकांनी मान डोलावलेली. पेरोंनी त्याला जीभ फेकून माशी टिपताना पाहिलं आणि तो विषय मिटला. मग रंगाची परीक्षा झाली. निरनिराळ्या रंगांच्या वस्तूंवर त्याला ठेवून बघितलं, पण ज्यावर बसेल त्याचा रंग घेतो ही समजूत काही खरी ठरेना. एकदा कापडात गुंडाळल्यावर तो पांढुरका पडला, एवढंच. मात्र हाताळलं की त्याच्या अंगावर काळपट हिरवे ठिपके उठत. हे सगळं १६६९ साली छापून आलं आणि ठिपक्यांचं वाक्य हाडं, आतडी, जिभेचे स्नायू यांच्या वर्णनात बुडून गेलं. माझ्या मते त्या वृत्तांतातलं सर्वांत मोलाचं वाक्य तेच. परक्या माणसांच्या हातात सापडलेल्या, परक्या थंडीत बसवलेल्या जिवाची ती तक्रार होती. ती टिपली गेली, ऐकली मात्र गेली नाही.

चार वर्षांनी, १६७२ मध्ये, त्याच शहरात आणखी दोन शॅमेलिऑन आले, तेही इजिप्तहूनच. या वेळी ते गेले माद्लेन द स्क्युदेरी या कादंबरीकार बाईंच्या घरी. बाईंच्या बैठकीला पॅरिसमधली लिहिती-बोलती मंडळी जमत. त्यांनी हे प्राणी घरातली माणसं सांभाळावीत तसे सांभाळले आणि १६८८ साली त्यांची कहाणी प्रसिद्ध केली. जनावर म्हणजे एक यंत्र, त्याला सुखदुःख कुठलं, हा तत्त्वज्ञ देकार्तच्या अनुयायांचा सिद्धान्त तेव्हा जोरात होता. स्क्युदेरीबाईंना तो मुळीच पटत नव्हता. पेरोंचा सरडा मेल्यावर चिरला गेला, बाईंच्या सरड्यांना चरित्र मिळालं. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच होती. पाहुण्याभोवती सतत बघणारे डोळे होते. शॅमेलिऑनची निगा राखणं म्हणजे प्रामुख्याने त्याच्यावरचे हे डोळे आणि हात कमी करणं, असं मला म्हणायचं आहे. दिवे, औषधं, कॅल्शियमची पूड हे सगळं हवंच. पण त्याला चोवीस तास कुणाच्या तरी समोर बसवलं तर यातलं काहीच पुरं पडत नाही.

याचं कारण त्याच्या रंगातच आहे. आपल्या भाषेने सरड्यावर मोठा अन्याय केलेला आहे; पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्याला आपण सरडा म्हणतो, जणू सरडा लबाडीने रंग लपवतो. शास्त्र नेमकं उलटं सांगतं. दक्षिण आफ्रिकेतल्या बुटक्या शॅमेलिऑनांचा तौलनिक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. रंग बदलण्याची क्षमता लपण्यासाठी नव्हे, तर एकमेकांना ठळक दिसण्यासाठी वाढली, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१५ मध्ये मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनची त्वचा तपासली गेली. तिच्यातल्या खास पेशींमध्ये ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात. प्राणी शांत असताना ते जवळजवळ असतात आणि निळसर प्रकाश परत फेकतात. तो चिडला की अंतर वाढतं आणि पिवळा-तांबडा उजळतो. घरांत सर्वाधिक पाळला जातो तो येमेन आणि सौदी अरेबियातला, डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंचवटा असलेला शॅमेलिऑन. त्याच्या नरांच्या झुंजी २०१३ मध्ये मोजून पाहिल्या गेल्या. ज्याच्या डोक्याचा रंग लवकर आणि जास्त उजळला, त्याची जिंकण्याची शक्यता अधिक. हरणारा काळवंडतो. मी माघार घेतली, आता मारू नकोस, असं तो कातडीने सांगतो. पिंजऱ्यापुढे माणूस उभा राहिला आणि आतला जीव काळा पडला, तर तो हेच बोलतो आहे. फरक एवढाच की जंगलात हरलेला नर फांदी सोडून निघून जातो. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, आणि इथे कुंपण हातभर अंतरावर.

अर्थात प्रत्येक काळा रंग भीतीचा नसतो, आणि नवखे पालक इथेच गोंधळतात. सकाळी थंड अंगाने उठलेला शॅमेलिऑन ऊन शोषून घेण्यासाठी मुद्दाम गडद होतो. तासाभरात उजळला तर काळजी नको. अंडी धरलेली येमेनी मादीही गडद होते, अंगावर निळे-पिवळे ठिपके येतात. ताण ओळखायचा तो रंगाला जोडून आलेल्या इतर खुणांवरून. अंग उभं चपटं करून फांदीच्या पलीकडे सरकणं, तोंड वासून फुत्कारणं, जाळीवर सतत वरखाली चढत राहणं, जेवण सोडणं या त्या खुणा. भरदिवसा डोळे मिटून बसणं किंवा डोळे खोल जाणं ही तर आजाराची, पाणी कमी पडल्याची खूण. तिथे सरपटणाऱ्या प्राण्यांचा माहीतगार पशुवैद्य गाठायला उशीर करू नये. बाकीच्या बहुतेक खुणांवरचा उपाय पिंजऱ्याच्या रचनेत सापडतो. टेबलावर ठेवलेली काचेची पेटी ही त्याच्यासाठी शिक्षा. काचेत स्वतःचंच प्रतिबिंब पडतं आणि त्याला वाटतं, समोर दुसरा नर उभा आहे. वरून खाली येणारा हात त्याला झडप घालणाऱ्या पक्ष्यासारखा भासतो. म्हणून पिंजरा रुंदीपेक्षा उंच आणि जाळीचा असावा, आणि तो इतका वर ठेवावा की सर्वांत वरच्या फांदीवर बसलेल्या सरड्याची नजर माणसाच्या नजरेच्या वर राहील. आत खऱ्या झाडांची दाट पालवी हवी, इतकी की मालकाला तो चटकन सापडूच नये. वाटीतलं स्थिर पाणी त्याला सहसा पाणी म्हणून उमगत नाही. पानांवरून ओघळणारे थेंब तो चाटतो, म्हणून वरून ठिबक सोडायचं. एका कोपऱ्यात तीस अंश सेल्सिअसच्या आसपास तापमानाची उबेची जागा, दुसरीकडे सावली, अतिनील किरणांचा दिवा, आणि रात्री गारवा व पूर्ण अंधार. कुत्र्यामांजरांची ये-जा, पंख्याचा थेट झोत, समोरचा टीव्ही हे सगळं दूर. नवा आणलेला प्राणी पहिले काही आठवडे अन्नपाण्यापुरताच बघावा. लहान मुलांना हे समजावणं कठीण जातं, मोठ्यांना त्याहून कठीण.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आमचा तर हातावर येऊन बसतो, खांद्यावर चढतो, त्याला माणसाची माया लागली आहे. माया नसेलच असं मी ठामपणे म्हणणार नाही, पण पुरावा तिच्या बाजूने फारसा नाही. शॅमेलिऑन उंच जागा शोधतो. हातापेक्षा दंड उंच, दंडापेक्षा खांदा, खांद्यापेक्षा डोकं. त्याच्या लेखी माणूस हे त्या खोलीतलं एक हलणारं झाड. शेजारी फांदी धरून बघावी, तो कशाची निवड करतो ते कळेल. बोटांतला किडा तो घेतो हे खरं, आणि औषध पाजण्यासाठी तेवढी सवय उपयोगीही पडते. पण अन्नासाठी हात सोसणं वेगळं आणि हाताची ओढ असणं वेगळं. पिंजऱ्यात जन्मलेले काही प्राणी स्वभावाने शांत असतात, हेही मान्य. तो शांतपणा म्हणजे त्यांना हवं तेवढं हाताळायचा परवाना मात्र नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक अभ्यासू आहे. ताण, भीती, तक्रार हे शब्द माणसांचे. ते सरड्याला चिकटवणं हा भाबडेपणा. हा देकार्तच्या अनुयायांचाच नातू म्हणायला हवा. सरड्याच्या मनात काय चालतं याचा निवाडा केल्याशिवायही उत्तर देता येतं. कॉर्टिकोस्टेरॉन हे सरपटणाऱ्या प्राण्यांमधलं ताणाचं मुख्य संप्रेरक. ते थोडा वेळ वाढलं तर पळायला बळ देतं. आठवडेच्या आठवडे चढलेलं राहिलं तर रोगप्रतिकारशक्ती खचते, आणि एरवी गुमान राहणारे परजीवी उचल खातात. याला भीती म्हणा वा म्हणू नका, अंग उतरायचं ते उतरतंच. तिसऱ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे इतकं सरळ उत्तर नाही. एकटं ठेवणं हाच उपाय, तर जन्मापासून एकटंच ठेवावं का? येमेनी शॅमेलिऑनच्या पिलांवरचा २०१४ सालचा प्रयोग सांगतो की एकेकटी वाढवलेली पिलं इतरांशी गाठ पडल्यावर अधिक दबून वागली, रंगाने मंद राहिली आणि भक्ष्य पकडण्यातही मागे पडली. म्हणजे बालपणी भावंडं हवीत, वयात आल्यावर एकान्त. घरगुती पालकाला पहिला भाग क्वचितच हातात असतो; विकत येणारा प्राणी ते बालपण संपवून, बरंवाईट भोगून आलेला असतो.

आणि मुळात पाळावाच का, असं कुणी विचारलं तर आपल्या घोयऱ्यापुरतं उत्तर स्पष्ट आहे: नाही. सरडगुहिरा म्हणूनही ओळखला जाणारा हा भारतीय शॅमेलिऑन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो पकडणं किंवा घरात ठेवणं गुन्हा आहे. विषारी समजून त्याला ठेचणारे अजून आहेत, आणि तो रस्ता ओलांडताना डुलत डुलत इतका सावकाश चालतो की गाडीखाली सापडतो. असा दिसला तर काठी पुढे करून पलीकडच्या झुडपात सोडावा आणि निघावं, फोटोसाठी तासभर खेळवू नये. परदेशी जातींची गोष्ट निराळी. त्या घरांत येऊन बसल्या आहेत, त्यांची नोंदणी करणं आता कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्यांना येमेनच्या डोंगरउतारावर परत सोडायला कुणी जाणार नाही.

अशा घरात पालकाला एक रंग क्वचितच दिसतो. झोपलेला शॅमेलिऑन फिका पडतो, पानांमध्ये जवळजवळ पांढुरका दिसतो. मादागास्करच्या जंगलात अभ्यासक त्यांची मोजदाद रात्री बॅटरी घेऊन करतात ते याचमुळे. शेपटीची गुंडाळी, मिटलेले डोळ्यांचे शंकू, फांदीवर सैल पडलेलं अंग. दिवा लावून बघायला गेलं तर काही क्षणांत तो पुन्हा गडद होऊ लागतो.