बाजाराला दार असावें काय ?

सणासुदीची खरेदी कोठें करावी, हा प्रश्न आमच्या लहानपणीं सांगलींत कोणाच्याहि घरीं निघत नसे. हरभट रस्ता, मारुति रस्ता, गणपति पेठ, एवढीं नांवें घेतलीं कीं बाजार संपला. आतां आम्हां विश्रामबागकरांच्या एकत्र कुटुंबांतून या प्रश्नावर दोन पक्ष पडले आहेत. वडीलधाऱ्यांचा ओढा पेठेकडे. सुना-मुलींनीं पुण्या-मुंबईचे मॉल पाहिलेले असल्यामुळें त्यांचें म्हणणें असें कीं, तसाच एखादा विश्रामबागेंत झाला तर कोणाचें काय बिघडणार आहे? प्रश्न रास्त आहे. तो थट्टेवारी नेणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

प्रथम मॉलचें जें माप आहे तें त्याच्या पदरांत टाकूं. तेथें किंमत लिहिलेली असते, वर जावयास सरकता जिना असतो, ऊन-पाऊस लागत नाहीं, आणि मुख्य म्हणजे स्त्रियांसाठीं स्वच्छतागृह असतें. पेठेंत लग्नाचा बस्ता बांधावयास निघालेल्या बायकांनीं दुपारपासून दिवेलागणीपर्यंत हिंडावें, आणि मध्यें अडचण पडली तर ओळखीचें घर हुडकावें, हा प्रकार आम्ही वर्षानुवर्षें पाहत आलों आहों. पेठेचे पोवाडे गाणारे बहुधा पुरुष असतात, आणि त्यांच्या हातांत पिशवी क्वचितच असते !

असें असूनहि मॉल आणि पेठ यांत एक भेद राहतोच. मॉलला दार असतें. मुंबईस हाजीअलीजवळ १९९९ सालीं 'क्रॉसरोड्स' नांवाचा मॉल निघाला. देशांतील अगदीं आरंभींच्या मॉलांत त्याची गणना होते. बघ्यांची गर्दी आवरेना, तेव्हां चालकांनीं असा नियम काढला कीं, ज्याच्याजवळ मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड असेल त्यानें सुखानें आंत यावें. इतरांनीं प्रवेशासाठीं पैसे भरावे. ओरड झाली व नियम मागें घ्यावा लागला. आज मोबाइल भाजीवालीच्याहि कमरेला असतो, म्हणून ही गोष्ट ऐकतांना हंसूं येतें. पण दार ज्याचें त्याच्या मर्जीवर बाजार, हें त्या एका नियमानें उघड केलें. पेठ म्हणजे रस्ता, आणि रस्त्यावर 'तूं येथें कां आलास' असें कोणी कोणाला विचारूं शकत नाहीं. हळद विकून आलेला शेतकरी, खिशांत दमडी नसलेला शाळकरी पोरगा, गणपतीच्या दर्शनास निघालेली म्हातारी, सर्वांचा तेथें सारखा हक्क.

अर्थात् हा हक्क अनादि नव्हे. एके काळीं दुकानाची पायरी चढणाऱ्याची जात पाहिली जात असे, आणि ती पाहणाऱ्यांत आपल्यासारख्यांच्या घरचे वाडवडील होते, हें आपण तरी विसरूं नये. पेठेचें तें न दिसणारें दार मोडावयास फार काळ लागला आहे.

मॉलचा जनक म्हणून ज्याचें नांव घेतात, त्या व्हिक्टर ग्रुएनची हकीगत या संबंधांत मोठी बोलकी आहे. हा मूळचा व्हिएन्नाचा ज्यू वास्तुविशारद. १९३८ सालीं नाझींच्या भयानें त्यानें अमेरिका गांठली. १९५६ सालीं मिनेसोटा संस्थानांतील एडायना येथें त्यानें 'साउथडेल' हा वरून झांकलेला मॉल उभारला. त्याच्या मूळ योजनेंत मॉलभोंवतीं घरें, शाळा, दवाखाना, बाग असें एक गांवच होतें. प्रत्यक्षांत दुकानें तेवढीं उठलीं, आणि भोंवतीं मोटारी उभ्या करण्याचें मैदान पसरलें. उतारवयांत तो व्हिएन्नास परतला, तर १९७६ सालीं त्या शहराच्याहि दक्षिण सीमेवर एक भलाथोरला मॉल उभा राहिला. आपल्या अपत्यांचें पितृत्व त्यानें पुढें जाहीरपणें नाकारलें.

सांगलीचा प्रश्न मात्र कृष्णेनें अधिक अवघड केला आहे. आयर्विन पुलापाशीं ४५ फूट ही धोक्याची पातळी; २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांवर गेलें. २००५ आणि २०२१ सालींहि पेठ बुडालीच. विश्रामबाग नदीपासून लांब व उंचावर. १९१९ चें विलिंग्डन कॉलेज, १९४७ चें वालचंद कॉलेज येथेंच असल्यानें तरुण मंडळींचा राबता पूर्वीपासूनचा. जिल्हाधिकारी कचेरीहि विजयनगरास आली. तेव्हां व्यापाऱ्यानें इकडे पाहूं नये तर काय करावें ?

आमच्या घरचें तीन पिढ्यांचें खातें असलेल्या एका कापडवाल्याकडे २०१९ च्या पुरानंतर आम्ही गेलों होतों. चिखलानें भरलेलें कापड बाहेर ढीग करून टाकलेलें, आणि तो भिजलेल्या वह्या उन्हांत पसरीत बसला होता. शाई पसरून आंकडे गेले होते. तरी दिवाळीच्या आंत बहुतेक गिऱ्हाइकांनीं आपापली बाकी आपल्याच तोंडानें सांगून चुकती केली. असलें खातें यंत्रावर बिल करणाऱ्या नोकराशीं जुळत नाहीं. त्याची आज पाळी येथें तर उद्यां दुसरीकडे.

म्हणून विश्रामबागेंत मॉल होऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. झाला तर त्यानें सांगली-मिरज रस्त्याला पाठ करून बसूं नये, एवढेंच मागणें आहे. खालचीं दुकानें सरळ रस्त्यावर उघडावीं, आरपार जाण्यास वाट असावी, वर माणसें राहावीं, आणि स्वच्छतागृह खरेदी न करणाऱ्यालाहि मोकळें असावें. पुरांत बुडालेल्या दुकानदारांना लहान गाळे परवडतील अशा भाड्यानें मिळाले, तर पेठेचा कांहीं अंश तरी इकडे येईल. एरवीं बाहेरच्या मोठ्या कंपन्या येतील आणि पेठ पाण्यांत राहील.

त्या कापडवाल्याचा मुलगा सध्यां विश्रामबागेंत गाळा शोधीत आहे. भाडें ऐकून दोनदां परत गेला. आमच्या धाकट्या सूनबाईंनीं त्याला निरोप धाडला आहे : गाळा कोठेंहि घ्या, पण दुकानापुढें एक बांक ठेवा.